बारा नंबरचे सुभेदार

कर्वेनगरातल्या आमच्या सोसायटीच्या फाटकावर सुभेदार मारुती वाबळे यांच्या श्रद्धांजलीचा फ्लेक्स लागला, त्याला आता आठ महिने झाले. एवढ्याशा फ्लेक्समध्ये तीन चुका होत्या. पॅराशूटची छत्री घेऊन आकाशातून उतरणारा जो माणूस त्यावर छापला होता तो कुठल्याशा सहलीच्या जाहिरातीतला हसरा परदेशी पाहुणा होता. नावाआधी 'कर्नल' लिहिलं होतं. सुभेदार कधीच कर्नल नव्हते, आणि कुणी चुकून तसं म्हटलं तर ते तिथल्या तिथे स्वतःला खाली उतरवून घेत. आणि तळाशी ओळ होती, 'ज्यांना भीती ठाऊकच नव्हती'. मी सेक्रेटरींना चुका दाखवल्या. ते म्हणाले, "भावना महत्त्वाची, लेलेबाई." मी म्हटलं, भावना तुमची असेल, पण माणूस कुणा भलत्याचाच आहे. फ्लेक्स काही बदलला नाही. म्हणून मी हे लिहायला बसले.

तीस वर्षं मी टेलिफोन खात्यात ऑपरेटर होते. लोकांची बोलणी जोडून द्यायची, पण ऐकायची नाहीत, हा आमचा नियम. नोकरीत मी तो पाळला. निवृत्तीनंतर पाळता आला नाही, कारण सुभेदारांच्या आणि माझ्या घरात एकच भिंत होती आणि त्यांचा आवाज परेडच्या मैदानावर तयार झालेला होता. दर रविवारी सकाळी सातला तो भिंतीतून यायचा. "नंबर बारह, ओके!" मग थोडं थांबून, "अकरा, कसा आहेस? गोळी घेतली का सकाळची? चष्म्याची काडी लावलीस? बरं. पुढं कर फोन."

पहिले काही महिने मला वाटलं, हे लॉटरी-बिटरी खेळतात की काय. एकदा जिन्यात सरळ विचारलं. सुभेदार दोन पायऱ्या खाली उतरले, माझ्याकडे पाठ करून उभे राहिले आणि म्हणाले, "माझ्या शर्टाची कॉलर मागून नीट आहे का बघा."

"दुमडली आहे."

"मला दिसत होती का?"

"नाही."

"झालं तर. आपली पाठ आपल्याला दिसत नाही, लेलेबाई. सगळी गोष्ट एवढीच आहे."

गोष्ट अशी होती. हे पॅराशूट पलटणीतले जवान. बांगलादेशच्या लढाईत त्यांनी विमानातून उड्या मारल्या. एका रांगेत वीस जण. उडीच्या आधी प्रत्येकानं पुढच्याच्या पाठीवरचं पॅराशूट तपासायचं, त्याच्या खांद्यावर थाप मारायची आणि आपला नंबर ओरडायचा. मोजणी शेपटाकडून सुरू व्हायची. वीस ओके, एकोणीस ओके, असं करत दारात उभ्या असलेल्या एक नंबरापर्यंत. सुभेदार त्या दिवशी बारा नंबर होते. तेव्हा ते सुभेदारही नव्हते, विशीतले साधे शिपाई होते. लढाई संपली, माणसं आपापल्या गावी गेली, पण ही मोजणी त्यांनी थांबवली नाही. आधी पोस्टकार्डांवर, मग स्वारगेटच्या एसटीडी बूथवर रांग लावून, मग मोबाइलवर. शेपटाकडच्यानं पुढच्याला फोन करायचा, त्याची तब्येत, औषधं, पोरंबाळं तपासायची, मग त्यानं त्याच्या पुढच्याला. मेलेल्या माणसाचा नंबर कुणाला द्यायचा नाही, फक्त ओलांडून पुढे जायचं. मी शेजारी राहायला आले तेव्हा विसांतले नऊ उरले होते. नंतर सहा.

भीतीचं म्हणाल तर त्यांनी ती कधी लपवली नाही. एका पंधरा ऑगस्टला कमिटीनं त्यांना प्रमुख पाहुणे केलं आणि 'एखादी थरारक आठवण' सांगायची गळ घातली. सुभेदार माइकसमोर उभे राहिले. "विमानात बसलो. उडी मारली. खाली पोचलो. लढाई झाली. जिंकलो. आता चहा द्या." लोकांना टाळ्या वाजवायच्या की थांबायचं ते कळेना. आयटीत काम करणाऱ्या एका तरुणानं मागून विचारलं, "पण काका, ॲक्च्युअली उडी मारताना डर नाही वाटला?"

"वाटला ना. पण विमानात बसून जास्त वाटत होता, म्हणून उडी मारली."

ते बोलताना डोळे बारीक करत नसत की छाती फुगवत नसत. भाजीवाल्याला कोथिंबिरीचा भाव विचारावा तसं सांगत. शौर्याच्या गोष्टींचा त्यांना मनापासून कंटाळा होता. मुलीनं हिंजवडीच्या मोठ्या फ्लॅटमध्ये राहायला या म्हणून तीन वर्षं आग्रह केला, तिलाही त्यांचं ठरलेलं उत्तर होतं. "एकदा खाली उतरलेला माणूस परत विमानात चढत नसतो." तिचा फ्लॅट अठराव्या मजल्यावर होता. बायको गेल्यापासून स्वयंपाक स्वतः करत, एक भाजी, एक भाकरी. आणि कुणाच्याही घरी गेले तरी आधी गॅसची नळी तपासत. माझी नळी त्यांनी दोनदा बदलायला लावली. मला राग यायचा, पण दोन्ही वेळा नळीला चीर होती हेही खरंच.

दर डिसेंबरात, उडीच्या तारखेला, उरलेले सगळे त्यांच्याकडे जमायचे. एका वर्षी सुभेदारांनी त्यासाठी सोसायटीचा हॉल मागितला. सेक्रेटरींनी नियमांची वही काढली. हॉल फक्त सभासदांच्या कौटुंबिक कार्यक्रमासाठी.

"हे माझं कुटुंबच आहे," सुभेदार म्हणाले.

"तसं लेखी कुठे आहे?"

सुभेदारांनी वाद घातला नाही. ठरल्या दिवशी दुपारी तीन वाजता सहा म्हातारे पार्किंगमध्ये, बरोबर सेक्रेटरींच्या गाडीच्या जागेवर, घडीच्या खुर्च्या टाकून बसले. छातीवर पदकं, मध्ये फरसाणाचं ताट. साडेचारला सेक्रेटरी गाडी घेऊन आले, त्यांनी हॉर्न वाजवला. सुभेदारांनी हात वर केला. "मोजणी चालू आहे. पाच मिनिटं." ती पाच मिनिटं सव्वासहाला संपली. पुढच्या वर्षी सेक्रेटरींनी हॉल आपणहून देऊ केला, तर सुभेदार म्हणाले, "नको. पार्किंगमध्ये हवा चांगली येते." ते शेवटपर्यंत पार्किंगमध्येच जमले.

माझी खिडकी नेमकी त्या जागेवर उघडते. त्यामुळे त्यांच्या सगळ्या आठवणी मला पाठ झाल्या होत्या. त्यातल्या अकरा नंबरच्या ज्ञानोबा पायगुड्यांची सगळ्यांत जास्त. पायगुडे खडकवासल्याच्या पलीकडच्या खेड्यातले. उंच, हसरे, उजवा हात खांद्यापासून कामातून गेलेला. तो हात दंडापाशी वाळून लाकूड झाला होता, आणि पदक डाव्या हातानं लावताना ते नेहमी वाकडं लागायचं. पण गोष्ट सांगायची तर पायगुड्यांनीच. "वारा असा हरामी, असा हरामी, की मला उचालला आन् तळ्याच्या बांधावर आपाटला! हात गेला, पर तळं काय सोडलं न्हाई. रातभर त्यातलंच पानी पीत पडलो." सगळे दरवर्षी तितकेच हसायचे.

आणि दरवर्षी, पायगुड्यांच्या तोंडून वारा हा शब्द आला की सुभेदार चहा आणायला उठायचे. ते पहिल्या वर्षी माझ्या लक्षात आलं नाही. तिसऱ्या वर्षी आलं. पाचव्या वर्षी मला वाटलं, बिचारे गुडघे दुखत असताना दोन मजले चढून चहा करतात, आपण शेजारी कशाला आहोत? मी सहा कप चहा आधीच करून नेला. पायगुडे नुकते विमानाच्या दारापर्यंत आले होते.

सुभेदार अर्धे उठले होते. चहा समोर बघून उभेच राहिले. मग म्हणाले, "वारा नव्हता, ज्ञानू."

पायगुडे हसतच होते. "नव्हता म्हंजी? मी हुतो का तू हुतास खाली?"

"तुझा पट्टा काखेखालून आला होता."

मला त्याचा अर्थ नंतर समजला. पाठीवरच्या पॅराशूटचा एक लांब पट्टा विमानातल्या तारेला अडकवलेला असतो. माणूस उडी मारतो, पट्टा ताणला जातो आणि छत्री उघडते. तो पट्टा खांद्यावरून यावा लागतो. काखेखालून आला तर तोच पट्टा सगळ्या ताकदीनिशी हात उपटतो. आणि तो कुठून आलाय ते ज्याचं त्याला दिसत नाही. मागच्याला दिसतं.

"मी मागं होतो," सुभेदार म्हणाले. "भीतीनं मला नुसतं दार दिसत होतं. वर उडीचा दिवा लागला होता, मागून थाप पडली होती. मी तुझी पाठ बघितलीच नाही. खांद्यावर थाप मारली आणि बारा ओके म्हणून ओरडलो. तू दारातून गेलास तेव्हा दिसला मला पट्टा."

नऊ नंबरचे नाईक घाईनं म्हणाले, "बस झालं रे, बारा. पन्नास वर्षं होऊन गेली. आता काय त्याचं!"

सुभेदारांनी त्यांच्याकडे वळून बघितलं. तो आवाज मी त्याआधी ऐकला नव्हता. "खोटं मुरलं म्हणून त्याचं लोणचं होत नाही, नाईक. माझी चूक तुम्ही कुणी गोड करायची नाही."

मग सगळे पायगुड्यांकडे बघत राहिले. मलाही तिथून हलता येईना. पायगुड्यांनी वाळलेला हात डाव्या हातानं उचलून मांडीवर ठेवला, लहान मूल ठेवावं तसा.

"हाताचं जाऊ दे," ते म्हणाले. "हात गेला, त्याला किती वरसं झाली. पर मला एक सांग. दर ऐतवारी सकाळी फोन करतुस, गोळी घेतली का, जेवलास का. त्यो ह्यापायी व्हय?"

 सुभेदारांना खोटं बोलता आलं असतं. मला तर वाटत होतं, बोला हो, एकदा खोटं बोला.

"मला वाटलं, मैतर हाय," पायगुडे म्हणाले. "तू ड्युटी करत हुतास व्हय माझ्यावर? आता फोन करू नगंस." त्यांची सून सुनंदा त्यांना आणायला-न्यायला यायची. तिला त्यांनी खुणेनं बोलावलं, आणि चहा तसाच ठेवून ते गेले.

मी स्वतःला खूप दोष दिला. सुभेदारांना तसं सांगितलंही. ते म्हणाले, "तुम्ही चहा आणलात, लेलेबाई. पळून मी जात होतो."

पुढच्या रविवारी सातला भिंतीतून आवाज आला, "नंबर बारह, ओके!" आणि मग नुसती रिंग जात राहिली. दहा मिनिटांनी पुन्हा. मोजणी तिथेच अडकली, कारण बारा नंबरनं अकराला तपासल्याशिवाय ती पुढे जात नाही. नऊ वाजता नाईकांचा फोन आला; दहा नंबर हयात नसल्यानं अकरानंतर त्यांचाच नंबर होता. नाईक मोठ्यानं बोलत, त्यामुळे दोन्ही बाजू ऐकू आल्या. अकराला सोड, मला फोन कर, पुढची माणसं खोळंबली आहेत.

"जिवंत माणसाला ओलांडायचं नाही," सुभेदार म्हणाले.

"अरे, तो उचलत नाही!"

"उचलत नाही म्हणजे मेला नाही. थांबा."

असे सहा रविवार गेले. नाईक चिडले, पुढचे लोक चिडले, एकानं तर आता ही पोरखेळाची मोजणी बंदच करू म्हणून निरोप पाठवला. सुभेदार कुणाला बधले नाहीत. सुनंदा फोन करून मला सांगायची, "मामंजी सातला फोन म्होरं घेऊन बसत्यात. वाजतो तवर बघत्यात. उचलत न्हाईत." दोघं म्हातारे, दोन टोकांना, एकाच वाजणाऱ्या फोनकडे बघत बसलेले. मला हसावं की रडावं कळेना. शेवटी मी रडले, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

सातव्या आठवड्यात सुभेदार म्हणाले, आपण जाऊन येऊ. आपण म्हणजे मी का, हे मी विचारलं नाही. त्यांचे गुडघे चढाला साथ देत नव्हते आणि मुलीला कळवलं असतं तर तिनं गाडी धाडली असती. त्यांना गाडीतून जायचं नव्हतं. राजाराम पुलापर्यंत रिक्षा आणि तिथून बस. बसमध्ये एका कॉलेजच्या मुलीनं उठून जागा दिली तर म्हणाले, "बस गं, मला उतरायचंय." उतरायला अजून पाऊण तास होता.

पायगुडे गोठ्याच्या सावलीत वालाच्या शेंगा सोलत होते, एका हातानं आणि दातांनी. आम्हाला बघून ते उठले नाहीत. सुनंदानं मला घोंगडी टाकून दिली. सुभेदार उभेच राहिले.

"माफी मागाया आलास?" पायगुड्यांनी विचारलं.

"नाही." गावात शिरल्याबरोबर सुभेदारांची भाषा बदलली होती. "माफी तवाच मागायची हुती, त्या तळ्यावर. आता मागितली तर वझं माझं हलकं व्हईल. तुझा हात काय हलायचा न्हाई."

"मंग कशाला आलास?"

"सांगाया आलोय. तू उचल न्हाईतर नगं उचलू. मी फोन करनार. सुरवात ड्युटी म्हनून केली आसंल, ते खरं हाय. पर पन्नास वरसं कुनी ड्युटी करत न्हाई, ज्ञानू. सरकारबी फौजेतनं सोडतं पंधरा वर्सांनी."

पायगुडे बराच वेळ शेंगा सोलत राहिले. एक शेंग किडकी निघाली, ती त्यांनी म्हशीकडे फेकली. मग म्हणाले, "ऐतवारी नगं करू. ऐतवार तुझ्या मोजणीचा. सुनंदा उचलंल, हाय जिता म्हनंल, तुझी मोजणी जाऊ दे म्होरं. मला बुधवारी कर. दुपारचा. काय काम नसताना."

"काम नसताना काय बोलायचं?"

"त्ये मला काय ठावं? मैतर काय बोलत्यात?"

परतीच्या बसमध्ये सुभेदार खिडकीबाहेर बघत होते. धरण मागे पडलं तसं त्यांनी मला विचारलं, "लेलेबाई, तुम्ही मैत्रिणींशी फोनवर काय बोलता हो?" मी म्हटलं, काही नाही. काय भाजी केली, पाणी आलं का, कोण जाड झालं. त्यांनी वरच्या खिशातून डायरी काढली आणि तिन्ही मुद्दे लिहून घेतले.

बुधवारी दुपारी तीनला ते इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीत बसले. मी दार उघडं ठेवून कोथिंबीर निवडत होते, मुद्दाम. फोन लागला. सुभेदारांनी डायरीचं पान उघडलं. मग परेडच्या आवाजात म्हणाले, "आज दोडका केला!" पलीकडून काय उत्तर आलं कोण जाणे, पण ते दचकले आणि फोन कानापासून लांब धरला, इतक्या जोरात पायगुडे हसत होते.

वर्षभर बुधवार चालले. सुरुवातीला चार मिनिटं, मग वीस, मग तास. दोडक्यावरून ते भांडणावर आले. दोघांचं जगातल्या कुठल्याच भाजीवर एकमत नव्हतं. गोळी घेतली का, असं सुभेदारांनी बुधवारी एकदाही विचारलं नाही. जिभेवर येई, मग गिळून टाकत. मी ऐकलं आहे.

मी त्यांना शेवटचं पाहिलं तेही बुधवारीच. सकाळपासून छातीत दुखत होतं, त्यांनी कुणाला सांगितलं नाही. दुपारी माझ्या लक्षात आलं, मी त्यांच्या मुलीला कळवलं आणि ॲम्ब्युलन्स बोलावली. ती यायला पावणेतीन झाले. दोघं जण स्ट्रेचर घेऊन वर आले. सुभेदार आडवे झाले, पण खाली पार्किंगमध्ये पोचताच त्यांनी घड्याळ बघितलं, तीन वाजत आले होते, आणि माझ्याकडे असलेल्या त्यांच्या फोनसाठी हात पसरला. मी नाही म्हटलं. त्यांनी हात तसाच पसरून ठेवला. शेवटी फोन दिला.

"आजोबा, बोलू नका," ॲम्ब्युलन्सचा माणूस म्हणाला. "ऑक्सिजन लावायचाय."

"लाव नाकाला. तोंड माझं आहे." आणि मग फोनमध्ये, "हां, ज्ञानू. कारल्यात गूळ घालतात म्हणणारा माणूस..."

तेवढ्यात ड्रायव्हरनं सायरन सुरू केला. पलीकडे तो ऐकू गेला असणार, कारण सुभेदार थांबले. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मग अगदी सहज आवाजात म्हणाले, "काही नाही रे. सोसायटीत कुणीतरी म्हातारं आजारी आहे, त्याला न्यायला गाडी आलीय. चालायचंच. तू कारल्याचं सांग." पलीकडून पायगुडे सांगू लागले, आणि सुभेदार हसून "खोटं, साफ खोटं," म्हणत असताना त्या माणसानं गाडीचं दार लावून घेतलं.